तोंडात तीन बोटं जातात का? शहापूर-मुरबाडच्या घराघरांत विचारायचा प्रश्न

मागच्या जुम्म्याला नमाजनंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. वय असेल चोवीस-पंचवीस. आसनगाव-शहापूर भागात टेम्पो चालवतो. शाळेत असताना परिपाठाला तिलावत तोच करायचा, आवाज स्वच्छ होता. आता मात्र शब्द दातांत अडकल्यासारखे येत होते. शेजारच्या हॉटेलात समोसा मागवला तर म्हणाला, "सर, तिखट लावलं की आग होते. आणि तोंड पण एवढंच उघडतं." त्याच्या तोंडात कशीबशी दोन बोटं जात होती. नववीत असल्यापासून पुडी चालू होती, हे त्याने त्या दिवशी सांगितलं. मी त्याचा वर्गशिक्षक होतो आणि मला तेव्हा कळलं नव्हतं.

त्याला कॅन्सर झालेला नाही. पण जे झालंय ते कॅन्सरच्या आधीचं पाऊल असू शकतं. आपल्या तालुक्यांत हे पाऊल टाकलेली पोरं किती असतील, याचा अंदाज कुठल्याही नाक्यावर, वीटभट्टीवर किंवा एमआयडीसीच्या गेटवर पाच मिनिटं उभं राहिलं तरी येतो.

कॅन्सर एका रात्रीत होत नाही

तोंडाचा कर्करोग बहुतेक वेळा आधी खुणा दाखवतो. डॉक्टर त्यांना कर्करोगपूर्व अवस्था म्हणतात. त्यातल्या तीन आपल्याकडे ओळखायला हव्यात.

पहिली, ल्युकोप्लाकिया. गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा चट्टा, जो पुसला तरी जात नाही. जिथे तंबाखूची चिमूट धरून ठेवतात तिथेच तो बऱ्याचदा दिसतो. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज पाहिली तर असे चट्टे असलेल्या शंभर जणांपैकी नऊ-दहा जणांना पुढे कॅन्सर होतो. तंबाखू सोडली तर काहींचा चट्टा कमी होतो, नाहीसाही होतो.

दुसरी, एरिथ्रोप्लाकिया. लाल, मखमलीसारखा चट्टा. हा कमी जणांना होतो, पण सगळ्यात धोक्याचा हाच. यात साधारण तिघांतल्या एकाची गोष्ट कॅन्सरपर्यंत जाते. दुखत नाही म्हणून लोक गप्प बसतात, आणि तिथेच घात होतो.

तिसरी, माझ्या विद्यार्थ्याची: सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतली त्वचा पांढुरकी, ताठ होत जाते, आत दोरीसारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी कमी होतं. याचं मूळ तंबाखूपेक्षा सुपारीत आहे. सुपारीतलं अरेकोलिन हे द्रव्य गालातल्या पेशींना जास्तीचे तंतू बनवायला लावतं, आणि सुपारीतलं तांबं ते तंतू आणखी घट्ट करतं. एकदा बनलेले पट्टे पुन्हा पूर्ववत होत नाहीत. उपचाराने, व्यायामाने, गरज पडली तर शस्त्रक्रियेने तोंड थोडंफार उघडतं. पण पहिल्यासारखं होत नाही.

हा आजार नवा नाही. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशींनी इथल्या रुग्णांवर लिहिलं. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं, त्यातल्या पाच जणांना कॅन्सर झाला. म्हणजे ७.६ टक्के. आकडा ऐकायला लहान वाटतो. पण ज्या गावात पन्नास पोरांना हा त्रास आहे, तिथे तो तीन-चार जनाज्यांचा हिशेब होऊ शकतो.

"सर, मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी"

हे वाक्य मी पालकांकडून, पोरांकडून आणि बायकांकडूनही ऐकतो. आपल्या घरांत दारू हराम आहे हे लेकराला पाळण्यात असल्यापासून कळतं. सिगारेट वडिलांसमोर ओढायची हिंमत नसते. पण सुपारीला आपण पाहुणचारात बसवलंय. वलीम्याच्या जेवणानंतर ताटात पान, गोड सुपारी, बडीशेप फिरते आणि सात वर्षांचं पोरगंही त्यातून मूठ भरतं. कोणी हात धरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखू आहे, दारूही आहे. गोड सुपारीच्या पुडीवर चांदीचा वर्ख असला म्हणून आतली सुपारी बदलत नाही.

मिश्रीचंही तसंच. भाजलेली तंबाखू हिरड्यांवर घासायची आणि त्याला दात साफ करणं म्हणायचं. आपल्या आया, चाच्या, शेजारच्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरच्या बाया, सगळ्याच ती लावतात. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि धूर नसलेली तंबाखू घेणारे २४.४ टक्के. म्हणजे आपल्या राज्याचा खरा रोग धुरात नाही, तोंडात ठेवलेल्या चिमटीत आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४३ हजारांहून जास्त नवे रुग्ण एका वर्षात झाले.

बंदी आहे, पुडी पण आहे

महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा हेही त्यात आले. बंदीचा आदेश एका वर्षाचा असतो आणि त्याला मुदतवाढ मिळत राहते. कंपन्यांनी पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या काढून पळवाट शोधली, तेव्हा सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना नियम नीट पाळायला सांगितलं. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे सुमारे ९१ मीटरमध्ये, दुकानही चालत नाही.

कागद भक्कम आहे. पण मुंबई-नाशिक महामार्ग आपल्या दारातून जातो आणि कल्याणहून माळशेजकडे जाणारा रस्ता मुरबाडमधून. माल येतो, टपरीवर लटकत नाही, गल्ल्याखालून निघतो. बंदीने एवढंच झालं की पुडी महाग झाली आणि मागायची खूण बदलली. अधूनमधून धाड पडते, फोटो छापून येतो. धाडीत सापडतो तो टपरीवाला, ज्याचं पोट त्यावर आहे. गोदामवाला क्वचितच. बंदी यशस्वी झाली का हे पकडलेल्या मालाच्या किमतीवरून मोजू नये. नववीच्या वर्गातल्या किती पोरांचं तोंड पूर्ण उघडतं, यावरून मोजावं.

तपासणीतली फट

सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या लोकांच्या तोंडाची तपासणी होते. आशाताई घरोघर जाऊन माहिती भरतात, आरोग्य केंद्रात तोंड पाहिलं जातं. २०२३ मध्ये राज्याने 'स्वच्छ मुख अभियान' काढलं, सचिन तेंडुलकर त्याचा चेहरा झाला. चांगलं आहे. पण ज्याने चौदाव्या वर्षी पुडी धरली, त्याचं तोंड विशीतच बंद व्हायला लागतं. तिशीची वाट पाहिली तर आपण दहा वर्षं उशिरा पोचतो.

तपासणीचा उपयोग होतो का? होतो. १९९६ पासून केरळमधल्या तिरुवनंतपुरममध्ये सुमारे १ लाख ९० हजार लोकांवर अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्यसेवक घरी जाऊन तोंड पाहत होते. २००५ मध्ये निष्कर्ष आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्यासाठी मोठं मशीन लागलं नाही. उजेड लागला, आणि बघणारा माणूस.

आपली अडचण पुढची आहे. चट्टा दिसला तर जायचं कुठे? शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. तुकडा काढून तपासायचा तर ठाणे किंवा मुंबई. आसनगावहून निदान लोकल आहे. मुरबाडला अजून रेल्वे नाही. टोकावडे, धसईच्या माणसाला आधी मुरबाड, मग कल्याण, मग लोकल. तेवढ्यात दोन दिवसांची मजुरी बुडते. म्हणून माणूस म्हणतो, "दुखत तर नाही, बघू ईदनंतर." ती ईद निघून जाते, आणि तो परळच्या टाटा रुग्णालयात पोचतो तेव्हा गाठ मानेपर्यंत आलेली असते. महिन्यातून एक दिवस दोन्ही तालुक्यांत दंततज्ज्ञ बसवून तुकडा इथेच घेतला आणि तो तपासायला पुढे पाठवला, तर ही फट बरीच बुजेल. ही मागणी आपल्या जिल्हा परिषद सदस्याकडे आणि आमदाराकडे करायला काय हरकत आहे?

आपण काय करायचं

आज रात्री जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाने आपली तीन बोटं उभी एकत्र धरून तोंडात घालून पाहावीत. जात नसतील, तिखटाने आग होत असेल, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दातांच्या डॉक्टरला दाखवा. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, आसनगावहून थेट लोकल जाते. खर्चाची भीती असेल तर रेशनकार्ड घेऊन महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, कर्करोगाचे उपचार त्यात बसतात. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

मस्जिदीच्या जबाबदार मंडळींना एक विनंती. जुम्म्याच्या बयानात महिन्यातून एकदा पाच मिनिटं यावर द्या. शरीर अल्लाहची अमानत आहे हे आपण सांगतोच, त्यात सुपारीचं नाव घ्या. रमजानमध्ये जो माणूस सहरीपासून इफ्तारपर्यंत पुडीशिवाय राहतो, तो इफ्तारनंतरही राहू शकतो. त्या महिन्यात त्याचा हात धरणारं कोणी हवं. आणि लग्नघरांनी ताटातून सुपारी काढावी. बडीशेप, खजूर पुरे. पाहुणा नाराज होणार नाही.

आम्हा शिक्षकांचंही चुकतं. गणवेश, वही, हजेरी सगळं बघतो. पोरगं मधल्या सुट्टीत थुंकतं कुठे, हे बघत नाही.

माझ्या त्या विद्यार्थ्याला पुढच्या सोमवारी मी स्वतः घेऊन जाणार आहे. त्याने पुडी सोडलीय म्हणतो, सतरा दिवस झाले. तोंड पुन्हा पूर्ण उघडणार नाही, हे त्याला माहीत आहे. पण निघताना म्हणाला, "सर, धाकट्याची बोटं मी काल मोजली. तीन जातात. त्याच्याकडे लक्ष ठेवा."