शकुनीला कोणी बसू दिले? घरच्या पोकरला लेखी नियम का हवेत

१/ गणपतीच्या जागरणाला अंधेरीत पत्ते, श्रावणात घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांत पत्ते, सकाळच्या बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये मांडीवरच्या ब्रीफकेसवर पत्ते. उपनगरांना पत्ते नवे नाहीत. नवे आहे ते पोकर. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय कायद्याने बंदी आली, आणि मोबाइलवर पोकर शिकलेली पिढी, निदान माझ्या ओळखीतली तरी, मित्राच्या दिवाणखान्याकडे वळली. तिथे हमखास ऐकू येणारे वाक्य असे : “घरचाच खेळ आहे, नियम कसले लिहायचे?” हा थ्रेड त्या वाक्याविरुद्ध आहे.

२/ सभापर्वातला खेळही घरचाच होता. सगळे चुलत भाऊ, प्रेक्षकांत आजोबा आणि गुरू. दुर्योधन म्हणतो, पण माझा, फासे मात्र मामा टाकतील. एकाने दुसऱ्याच्या वतीने खेळावे हे आपल्याला पटत नाही, असे युधिष्ठिर बोलूनही दाखवतो. आणि तरीही खेळायला बसतो. महाभारताचे वाचक शकुनीच्या कपटावर बोलतात. मला हा क्षण अधिक महत्त्वाचा वाटतो. आक्षेप नोंदवला गेला, पण त्याचा निर्णय कोणी करायचा हेच ठरलेले नव्हते.

३/ मग द्रौपदीचा प्रश्न येतो : जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? हा शुद्ध नियमाचा प्रश्न आहे. भीष्मांना त्याचे निश्चित उत्तर देता येत नाही; विकर्ण एकटा तिच्या बाजूने बोलतो आणि कर्ण त्यालाच झिडकारतो. डाव उलटल्यावर नियम शोधायला निघालेल्या सभेची ही अवस्था होते.

४/ कौटिल्याला ही भाबडी भीड नव्हती. अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. खेळ एकाच ठिकाणी व्हावा, फासे आणि कवड्या त्यानेच पुरवाव्यात, कोणी ते बदलले तर १२ पण दंड, आणि जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के राज्याचे. म्हणजे राजाच अड्डेवाला झाला, हेही खरे. पण साधने कोणाची आणि लाभ कोणाला, हे दोन प्रश्न त्याने खेळ सुरू होण्याआधी सोडवले.

५/ आता आपल्या दाराशी येऊ. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, ज्या प्रदेशांना नाव घेऊन लागू झाला त्यांत मुंबई शहराबरोबर साष्टी बेट आहे. शिवाय त्याबाहेरची रेल्वे स्थानके आणि त्यांच्यापासून तीन मैलांपर्यंतची ठिकाणे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टीतच. भातशेतीच्या गावांना हा कायदा उपनगर होण्याआधीच लाभला. (१८९० मध्ये त्यात पावसावरचा सट्टाही आणावा लागला. मुंबईकर पागोळ्यांवरही पैजा लावत होते!)

६/ या कायद्याचा गाभा नीट वाचा. पत्ते किंवा फासे असलेले घर ‘जुगाराचा अड्डा’ ठरते ते मुख्यतः एका कसोटीवर : घर वापरणारा किंवा चालवणारा त्यातून नफा काढतो का? जागेचे भाडे, पत्त्यांचे भाडे, कोणत्याही रूपाने. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे, नाल : जिंकणाऱ्याकडून अड्डेवाला कापून घेतो ती रक्कम. “पिझ्झ्यासाठी प्रत्येक डावातून वीस रुपये बाजूला” असे म्हणणाऱ्या यजमानाने हा शब्द पाठ करावा. त्यातच कलम ७ : रीतसर छापा पडला आणि साधने सापडली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते घर अड्डाच मानले जाते.

७/ “पण हा कौशल्याचा खेळ आहे!” हे उत्तर मला सर्वाधिक खटकते. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सत्यनारायण खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटले. त्याच निकालात तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा ठरला, आणि क्लबचालक खेळातून नफा काढत असेल तर रमीतही गुन्हा होऊ शकतो असे बजावले गेले. हा भाग कोणी फॉरवर्ड करत नाही. पोकरबद्दल तर कर्नाटक उच्च न्यायालय २०१३ मध्ये एका बाजूला आणि गुजरात उच्च न्यायालय २०१७ मध्ये दुसऱ्या. २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन खेळांपुरता हा भेदच पुसून टाकला.

८/ म्हणून माझे मत सरळ आहे : घरी पोकर जरूर खेळा, पैसे लावू नका. आपल्या आज्या चिंचोक्यांवर खेळल्या आणि तितक्याच त्वेषाने भांडल्या. आणि “पत्ते म्हणजे वाईट वळण” म्हणणाऱ्या काकांना सावंतवाडीची दशावतारी गंजिफा दाखवा : १२० पाने, दहा रंग, प्रत्येक रंग विष्णूच्या एका अवताराचा.

९/ पण चिंचोक्यांनाही कागद हवाच. सर्वांना सारखे चिंचोके. संपले की संपले, उसने नाहीत. पत्ते वाटण्याची पाळी डावीकडे सरकेल, पिसलेला गड्डा शेजारी कापेल. ज्याची पाने त्यानेच खेळायची, मागे उभे राहून सल्ला नाही. माझ्या गटात या कलमाचे नाव ‘शकुनी’ आहे. वाद झाला तर निर्णय त्या डावात नसलेल्या गड्याचा. शेवटचा डाव किती वाजता, हे पहिल्या डावाआधी ठरेल, कारण हरणाऱ्याला घड्याळ कधीच दिसत नाही.

१०/ आणि हातांची उतरंड मोठ्या अक्षरांत लिहा. तीन पत्तीवर वाढलेला खेळाडू सिक्वेन्सला कलरपेक्षा मोठा मानतो. पोकरमध्ये कलर मोठा. दोघेही बरोबर आहेत. ५२ पानांतून तीन उचलली तर साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. पाच उचलली तर सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. जे दुर्मीळ ते मोठे. एक्का-दुर्री-तिर्रीचा मान तर घरोघरी वेगळा; पोकरमध्ये मात्र एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत लहान. हेही लिहून ठेवा, पहिले पान वाटण्याआधी.