ब्रश फुकट देऊ नका, विकायला शिका



पेंटचं दुकान टाकायचंय म्हणणारे बरेच जण विचारतात, "सर, कोणत्या कंपनीची एजन्सी घेऊ?" माझा उलटा प्रश्न असतो, ब्रश कोणते ठेवणार? बहुतेक जण हसतात. ब्रश काय, डब्यासोबत फुकट देऊन टाकू! माझं स्पष्ट मत आहे, धंदा इथंच चुकतो.

मीही चुकलो. अनसिंगला दुकान सुरू केलं त्या वर्षी एका लग्नघरच्या सागवानी दारासाठी भारी ऑईल पेंट दिला, वर सगळ्यात स्वस्त ब्रश मोफत. चार दिवसांत गिऱ्हाईक परत. दारावर जागोजागी ब्रशचे केस चिकटलेले. "पेंट डुप्लिकेट दिला तुम्ही," म्हणाले. पेंट चांगला होता, पण ऐकणार कोण? दार माझ्या खर्चानं घासून पुन्हा रंगवून दिलं. वाचवले होते साठ-सत्तर रुपये, गेली पेंटरची दोन दिवसांची मजुरी. आणि गावात नाव गेलं ते वेगळंच.

नॉर्वे-स्वीडनसारखी बाहेरून लाकडी फळ्यांची घरं आपल्याकडे नाहीत. पण दारं, चौकटी, खिडक्या, जुन्या वाड्यांचे खांब ऊन-पाऊस खातातच. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं. रंग नीट मुरलेला नसेल तर आधी तडा जातो, मग पोपडे निघतात. म्हणून गिऱ्हाइकाला एवढं तरी सांगता आलं पाहिजे:

१. ऑईल पेंटला नैसर्गिक केसांचा ब्रश. पाण्यातल्या पेंटला सिंथेटिक, कारण नैसर्गिक केस पाणी पिऊन लुळे पडतात.

२. विकत घेताना केस पंख्यासारखे पसरवून बघा. मधे लाकडाची मोठी पोकळ फट दिसली, ओढल्यावर केस हातात आले, तर तो ब्रश ठेवूच नका. टोकाला केस चिरलेले असले की रंग सारखा बसतो.

३. दाराच्या फळीला तीन इंची, चौकटीच्या कडांना एक-दीड इंची. एकाच ब्रशनं सगळं उरकू नका.

४. अर्धेच केस रंगात बुडवा, डब्याच्या कडेला हलकेच आपटा. शेवटचा हात नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं.

५. दाराची खालची आणि वरची कड विसरू नका. कापलेल्या टोकातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं, आणि पेंटर नेमकी तीच सोडतो.

६. तापलेल्या लाकडावर रंग नको. सावली जिकडे, काम तिकडे. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात बरे, मधे पॉलिश पेपर मारून.

आता हिशोब मांडा. चांगला ब्रश टर्पेंटाइननं, मग साबणानं धुऊन ठेवला तर कितीतरी दारं रंगवतो. पेंटरला एकदा हे पटलं की तो तुमच्याकडेच येतो, आणि येताना डब्याचं गिऱ्हाईकही आणतो. डब्यावरची सूट बाजूचा दुकानदारही देईल. ही माहिती तो देईलच असं नाही.

म्हणून दुकान टाकण्याआधी एक काम करा. स्वतःच्या घराचं एक दार स्वतःच्या हातानं रंगवा. स्वस्त ब्रशनं एक फळी, चांगल्यानं दुसरी. नंतर गिऱ्हाइकापुढे बोलायला तुम्हाला पाठांतर लागणार नाही.

तुमचा पहिला तोट्याचा सौदा कोणता होता? कमेंटमध्ये मोकळेपणानं लिहा. लाजू नका, मी माझा सांगितलाच आहे.