संगनमताला दंड, विलीनीकरणाला हार

कंपन्यांच्या वार्षिक अहवालातलं ‘आमची मूल्यं’ हे पान मी न चुकता वाचतो. करमणूक म्हणून. गुळगुळीत कागद, शाळेतल्या हसऱ्या मुली, हेल्मेट घालून रोप लावणारे अध्यक्ष, आणि खाली ठळक अक्षरांत सचोटी, पारदर्शकता, विश्वास. हीच मंडळी आपल्या संघटनेच्या बैठकीला जमल्यावर काय करतात, ते वाचायचं तर भारतीय स्पर्धा आयोगाचे निकाल काढावे लागतात. तिथे फोटो नसतात.

सिमेंटचंच घ्या. 2010 साली बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने आयोगाकडे तक्रार केली. बिल्डरांनी ‘आम्हाला लुटलं’ म्हणून गळा काढावा याची गंमत वाटते खरी, पण गोणीमागे वाढलेला प्रत्येक रुपया शेवटी घर बांधणाऱ्याच्याच बोकांडी बसतो. जून 2012 मध्ये आयोगाने 11 कंपन्या आणि त्यांची संघटना यांना दोषी ठरवून सुमारे 6,300 कोटींचा दंड ठोठावला. आयोगाचं म्हणणं असं की, 2009-10 मध्ये 83 टक्के असलेला क्षमतेचा वापर पुढच्या वर्षी 73 टक्क्यांवर आला, आणि भाव मात्र चढेच राहिले. माल मुद्दाम कमी काढला गेला, हा त्याचा अर्थ. कंपन्यांनी अर्थातच सगळं नाकारलं.

बचावातला एक मुद्दा मला फार आवडला. संघटना गावोगावचे भाव गोळा का करत होती? तर केंद्राच्या औद्योगिक धोरण विभागाला ते हवे असतात म्हणून! म्हणजे महागाईवर लक्ष ठेवायचं या नावाखाली सरकारनेच स्पर्धकांना एका टेबलाभोवती बसवलं आणि एकमेकांचे दर कळायची सोय करून दिली. आयोगाने हा बचाव मानला नाही, ते बरंच झालं. पण त्या टेबलाभोवतीची सरकारी खुर्ची कुणी जाब विचारण्याजोगी मानली नाही.

आता दंडाचं पाहा. कायद्याने कार्टेलच्या, म्हणजे अशा संगनमताच्या, प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत दंड लावता येतो. आयोगाने लावला नफ्याच्या निम्मा. म्हणजे पकडले गेलात तरी अर्धा नफा तुमचाच. आणि तेवढा दंड तरी लगेच वसूल झाला का? डिसेंबर 2015 मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने आदेशच रद्द केला. कारण काय, तर ज्या अध्यक्षांनी त्यावर सही केली ते तोंडी युक्तिवादाला हजरच नव्हते! हजारो कोटींच्या खटल्यात एवढी ढिलाई एखाद्या ग्रामपंचायतीनेही केली नसती. फेरसुनावणी झाली, ऑगस्ट 2016 मध्ये सुमारे 6,700 कोटींचा नवा आदेश निघाला, जुलै 2018 मध्ये कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने तो उचलून धरला आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपिलं दाखल करून घेत दंडाच्या 10 टक्के रक्कम भरायला सांगितली. तक्रारीला तोवर आठ वर्षं झाली होती.

खरा विनोद पुढेच आहे. ज्या 11 कंपन्यांनी मिळून बाजार आवळला असं आयोग म्हणतो, त्यांची यादी आज वाचून पाहा. सेंच्युरीचा सिमेंट धंदा अल्ट्राटेककडे गेला. बिनानीही तिकडेच. जेपीचे बरेच कारखाने तिकडेच. इंडिया सिमेंट्स ताब्यात घ्यायला तर खुद्द स्पर्धा आयोगानेच डिसेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. एसीसी आणि अंबुजा तेव्हाही एकाच परदेशी मालकाच्या होत्या. 2022 मध्ये त्या अदानींकडे गेल्या, तेही आयोगाच्या मान्यतेने. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातल्या आवारपूरचा कारखाना अल्ट्राटेकचा आणि गडचांदूरचा सेंच्युरीचा होता. आज दोन्हींवर एकच पाटी आहे. त्या दोघांनी फोनवर भाव ठरवला असता तर तो गुन्हा होता. आता तो एकाच ऑफिसात ठरतो आणि त्याला ‘समन्वयातून बचत’ म्हणतात.

म्हणून कॉर्पोरेट नीतिमत्तेवरची व्याख्यानं मला सहन होत नाहीत. तिथे प्रश्न मनाच्या शुद्धतेचा कमी आणि हिशेबाचा जास्त असतो. तो हिशेब सरकार मांडून देतं. अमेरिकेच्या शेर्मन कायद्यात दर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला 10 वर्षांपर्यंत तुरुंग आहे. आपल्याकडे कार्टेलसाठी फक्त दंड. तो बहुतेक कंपनीच भरते, म्हणजे भागधारक आणि ग्राहक भरतात, आणि साहेब पुढच्या वर्षी उद्योगसंघटनेच्या परिषदेत ‘जबाबदार भांडवलशाही’वर बोलतात.

या दंडातून सुटायची एक वाटही आहे: बिअर कंपन्यांच्या कार्टेलमध्ये आधी तोंड उघडणाऱ्या कंपनीला 2021 मध्ये दंडाची पूर्ण माफी मिळाली. पुरावा मिळतो म्हणून ते मी समजू शकतो. पण माफीचा साक्षीदार मिळवण्यासाठी दंडाची धास्ती असायला हवी, आणि धास्तीसाठी निकाल एका पिढीच्या आत लागायला हवा.

माझ्या मागण्या फार नाहीत. दर ठरवणाऱ्या माणसाला, त्याच्या कंपनीला नव्हे, तुरुंगाची भीती वाटेल असा कायदा करा. अशा खटल्यांचं अपील किती दिवसांत संपवायचं ते लिहून ठेवा. आणि एखाद्या उद्योगात संगनमताचा ठपका असताना त्यातलेच दोघं विलीनीकरणाचा अर्ज घेऊन आले, तर मंजुरीचा शिक्का उचलण्याआधी आयोगाने कपाटातून आपलीच जुनी फाइल काढावी.