विश्लेषण : होम थिएटरसाठी ब्लू-रे प्लेअर आता घ्यावा का?

राजापेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ५५ इंची टीव्ही मागा, चार प्रकार समोर येतील. साउंडबार मागा, तो वाजवूनही दाखवतील. ब्लू-रे प्लेअर मागितला, तर मात्र 'आता कोन घेते भाऊ ते?' असाच प्रतिप्रश्न येण्याची शक्यता जास्त. प्रश्न रास्त आहे. तरीही नव्या घरात एक खोली होम थिएटरसाठी राखणाऱ्यांनी या यंत्राचा विचार आताच उरकलेला बरा. निवडायला जे शिल्लक आहे, ते दरवर्षी कमी होत चालले आहे.

अमरावतीला सिनेमाचे वेड शिकवावे लागत नाही. चित्रा, सरोज, प्रभात, श्याम ही नावे आज चौकांची म्हणून तोंडात बसली असली, तरी ती मुळात टॉकीजची. मोठा पडदा घरात आणायचा, तर चित्र आणि आवाजही त्या तोडीचा हवा, ही अपेक्षा गैर नाही.

कंपन्या का निघून गेल्या?

ब्लू-रे २००६ मध्ये बाजारात आले. दोन वर्षांत तोशिबाने आपले एचडी डीव्हीडी मागे घेतले आणि मैदान मोकळे झाले. फोर-के ब्लू-रे २०१६ मध्ये आले, पण तोवर प्रेक्षक ओटीटीकडे वळू लागला होता. ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकी बाजारापुरता तोच निर्णय घेतला, २०२४ च्या अखेरीस एलजीही बाहेर पडली. मोठ्या नावांत आता सोनी आणि पॅनासॉनिक उरले. २०२५ च्या फेब्रुवारीत सोनीने कोऱ्या, रेकॉर्डिंगच्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन बंद केले, तेव्हा 'ब्लू-रे संपले' असे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरले. बंद झाल्या त्या कोऱ्या डिस्क. चित्रपटांच्या छापील डिस्क अजून निघत आहेत.

भारतात ही गळती आधीच झाली होती. मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी देऊन बाजार हलवला, ती कंपनीच २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मराठी चित्रपट ब्लू-रेवर शोधायला गेलात, तर हाती जवळपास काही लागत नाही. आपला मराठी संग्रह राहिला तो व्हीसीडी-डीव्हीडीचाच.

ओटीटी असताना डिस्क कशाला?

साधा हिशेब करू. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाचे इंटरनेट मागते. त्या वेगाने दोन तासांत जास्तीत जास्त साडेतेरा जीबी माहिती घरात येते. फोर-के ब्लू-रे डिस्कची क्षमता मात्र ५०, ६६ किंवा १०० जीबी. अंधारातले दृश्य, पाऊस, धूर, गर्दी अशा ठिकाणी हा फरक डोळ्याला दिसतो. दिवसाउजेडी दोन माणसे बोलत असतील, तर फारसा दिसत नाही. आवाजाचा फरक त्याहून मोठा. ओटीटीवरचा डॉल्बी अॅटमॉस दाबून लहान केलेला असतो, डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ काही न गमावता येतो.

पण हा आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल, तर प्लेअरचे पैसे वाया गेले. पहिला खर्च रिसीव्हर आणि स्पीकरवर, निदान चांगल्या साउंडबारवर करावा. आणि ज्यांच्याकडे डिस्क नाहीत, घ्यायचीही इच्छा नाही, त्यांनी दुकानदाराचे ऐकावे.

'पुतण्या अमेरिकेतून आणतो म्हणाला'

वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत सध्या कुणीतरी परदेशी असते आणि त्याच्या बॅगेत जागा असते. इथेच जास्त फसगत होते. ब्लू-रेसाठी जग तीन विभागांत वाटले आहे. अमेरिका 'ए' विभागात, युरोप आणि आखाती देश 'बी'मध्ये, भारत 'सी'मध्ये. अमेरिकेतून आणलेला प्लेअर 'सी' विभागाचे कुलूप असलेली डिस्क नाकारतो. फोर-के डिस्कना हे कुलूप नसते. मात्र त्याच डब्यात सोबत येणाऱ्या साध्या ब्लू-रेला ते असू शकते.

दुसरी अडचण अनेकांच्या ध्यानीमनीही नसते. आपल्याकडचे व्हिडिओ पाल पद्धतीचे, अमेरिकेतले एनटीएससी. आपल्या लग्नाची डीव्हीडी पाल पद्धतीची असते आणि अमेरिकी बाजारासाठीचे अनेक प्लेअर ती दाखवतच नाहीत. त्यावर विभागाचे कुलूप नसले, तरी उपयोग नाही. तिसरी गोष्ट विजेची : यंत्रामागच्या पट्टीवर किंवा अॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले नसेल आणि फक्त ११०-१२० असेल, तर आपल्या सॉकेटमध्ये ते थेट लावू नये.

कपाटातली लग्नाची डिस्क

आमच्या मते प्लेअर घेण्याचे खरे कारण हेच आहे. १९९८ ते २०१५ या काळात ज्यांची लग्ने झाली, त्यांच्या कपाटात फुलांच्या चित्राची एक डबी असतेच. तिच्यात आता हयात नसलेले आजोबा आहेत, वरातीत नाचणारा मामा आहे, जेवणाच्या पंगती आहेत. ही डिस्क फोटोग्राफरने स्वतःच्या संगणकावर लिहिलेली असते. चित्रपटाच्या डिस्कसारखी ती साच्यातून छापलेली नसते. तिच्यावरची माहिती रंगद्रव्याच्या थरात असते. हा थर ऊन आणि उष्णतेने खराब होतो. मे महिन्यात ४५ अंशांना पोहोचणाऱ्या गावात टिनाच्या माळ्यावर ठेवलेली डिस्क किती टिकेल, हे सांगायला नको. नवा लॅपटॉप डिस्क घेत नाही, टीव्हीला फक्त यूएसबीची खाच. म्हणजे आठवण घरात आहे आणि पाहता येत नाही.

ब्लू-रे प्लेअर डीव्हीडी चालवतो आणि ती मोठ्या टीव्हीवर बरी दिसेल अशी मांडतोही. व्हीसीडी मात्र सगळेच प्लेअर वाचत नाहीत, तेव्हा घेण्याआधी विचारावे. प्लेअर असला तरी या डिस्कची प्रत काढलीच पाहिजे. संगणकाला जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह प्लेअरपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करून एक दुसऱ्या घरी ठेवावी.

मग कोणता घ्यावा?

साध्या ब्लू-रेचा स्वस्त प्लेअर आता घेऊ नये. घ्यायचाच तर फोर-केचा घ्यावा, तो जुन्या डिस्कही चालवतो. टीव्ही कोणता आहे ते आधी पाहा. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन दाखवत नाहीत, त्यांना एचडीआर१०+ देणारा प्लेअर जुळतो. एलजी किंवा सोनीच्या टीव्हीला डॉल्बी व्हिजन हवे. पॅनासॉनिकचा यूबी८२० दोन्ही देतो. सोनीच्या एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन सेटिंगमध्ये जाऊन दर वेळी हाताने चालू-बंद करावे लागते. घरातल्या ज्येष्ठांना हे कटकटीचे वाटेल. घरात डिस्कवाला प्लेस्टेशन ५ असेल, तर फोर-के ब्लू-रेची सोय झालेलीच आहे. डॉल्बी व्हिजन आणि गाण्यांच्या सीडी तेवढ्या त्यावर चालत नाहीत.

जुना रिसीव्हर फोर-के चित्र पुढे जाऊ देत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुटचा प्लेअर शोधा. एक तार टीव्हीला, दुसरी रिसीव्हरला. सगळे टीव्हीमार्गे जोडणार असाल, तर टीव्ही आणि साउंडबार दोन्हीवर 'ईएआरसी' लिहिलेले हवे. नुसत्या 'एआरसी'तून ट्रूएचडी जात नाही.

जुना वापरलेला प्लेअर मिळत असेल, तर सोबत शंभर जीबीची एखादी फोर-के डिस्क न्या. थकलेली लेझर तिथेच अडखळते. कंपनी अजून सॉफ्टवेअर अपडेट देते का, तेही बघा. अपडेट थांबलेले यंत्र नव्या डिस्क नाकारू शकते. आणि पिशवीत लग्नाची डीव्हीडी असू द्या. ती दुकानातच लावून, शेवटपर्यंत पुढे सरकवून पाहा, मगच पैसे काढा.