पहाऱ्याची किंमत

१२ ऑक्टोबर २००० रोजी एडन बंदरात तेल घेण्यासाठी थांबलेल्या ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेच्या कुशीला स्फोटकांनी भरलेली एक होडी येऊन भिडली. १७ नाविक प्राणांस मुकले; दुरुस्तीस सुमारे २५ कोटी डॉलर लागले. दूरच्या विमानांचा व क्षेपणास्त्रांचा वेध घेणारी ही नौका हाकेच्या अंतरावरील होडीपुढे निरुपाय ठरली! पहारेकरी होते, परंतु बंदरात मोठ्या जहाजाभोवती कामाची होडकी वावरणारच, आणि त्यांतील वैरी कोणता हे कोणाच्या कपाळी लिहिलेले नसते.

मग जवळ येईल त्या होडीवर गोळी झाडावी काय? त्याचेही उत्तर मिळून चुकले आहे. १६ जुलै २०१२ रोजी दुबईजवळ ‘रापाहॅनॉक’ या अमेरिकी आरमाराच्या तेलवाहू जहाजावरून एका होडीवर गोळीबार झाला. होडीत स्फोटके नव्हती, पोटासाठी परमुलखात गेलेले मच्छीमार होते. एक भारतीय ठार झाला, तिघे जखमी झाले. इशारे दिले होते, असे आरमाराचे म्हणणे. वाचलेल्यांनी ते साफ नाकारले.

तेल शक्य तेथे भरसमुद्रातच घ्यावे, बंदरातील होड्यांची झडती आधीच व्हावी. यावर हवा तेवढा पैसा खर्चावा. तरीही थोडा धोका उरेलच. तो आमच्या मते शस्त्रधारी नाविकाने सोसावयाचा आहे, कोळ्याने नव्हे. आणि चुकून मारल्या जाणाऱ्या मच्छीमाराच्या घरच्यांची भरपाई पहाऱ्याच्या अंदाजपत्रकात आधीच धरून ठेवावी.