न उगवलेल्या बियांनाही गुण द्या

गुलाबाचे बी तुमच्यापैकी किती जणांनी पाहिले आहे? रोपवाटिकेतून आणलेले झाड कलमाचे असते आणि फूल सुकले की आपण ते खुडून टाकतो. मग बी दिसणार कोठून? परागण झालेले फूल झाडावरच राहू दिले, तर देठाच्या टोकाशी बोराएवढे फळ धरते. तीन-चार महिन्यांनी ते नारिंगी होते. त्याच्या आत टणक बिया असतात.

मीरा-भाईंदरमधील एखाद्या गॅलरीत हे बी लगेच कुंडीत पेरले, तर बहुधा काहीच उगवत नाही. बी खराब नसते. ते थंडीची वाट पाहत असते. गुलाबाचे अनेक पूर्वज थंड मुलखातले. तेथे हिवाळ्याच्या तोंडावर बी रुजले, तर कोवळे रोप हिमात मरेल. म्हणून ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक अंकुराला रोखून धरते. ओलसर थंडीत काही आठवडे गेले, की त्याचा जोर ओसरतो. आपल्या खाडीकाठी हिवाळ्यातल्या रात्रीही पारा ४-५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरत नाही. तेवढी थंडी घरातल्या फ्रिजमध्ये मात्र मिळते.

शाळेत हा प्रयोग असा करता येईल. ९० बिया एकत्र मिसळून त्यांचे तीन सारखे भाग करावे. पहिला भाग ओल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये, दुसरा तसाच ओला पण वर्गात, आणि तिसरा कोरडा फ्रिजमध्ये ठेवावा. दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरुवात केली, तर आठ आठवड्यांनी, जानेवारीत, तिन्ही भाग सारख्याच मातीत पेरता येतील. थंडी हवी, ओल हवी की दोन्ही, याचे उत्तर बियाच देतील.

एवढा खटाटोप कशासाठी? कलम म्हणजे जुन्याच झाडाची प्रत. बी म्हणजे पूर्वी कधी नसलेले झाड. फ्रान्समध्ये फ्रान्सिस मेयाँ यांनी १९३५ साली केलेल्या संकरातून मिळालेल्या गुलाबाला १९४५ साली ‘पीस’, म्हणजे शांती, हे नाव मिळाले. आपल्याकडे डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे संशोधक. १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांनीही गुलाबाच्या अनेक नव्या जाती तयार केल्या.

आता शिक्षकांशी थोडे बोलतो. या प्रयोगात निम्म्याहून अधिक बिया न उगवण्याची तयारी ठेवावी लागते. कदाचित एकही उगवणार नाही. म्हणून असे प्रयोग आपण टाळतो, आणि माझ्या मते नेमके तेथेच चुकतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरणाचे उत्तर बहुतेक वह्यांत नेमके ९.८ येते. लंबक इतका गुणी नसतो! उत्तर आधी ठाऊक असते, म्हणून निरीक्षणे त्याच्या मापाने बेतली जातात. ही सवय शाळेतच लागते, कारण गुण उत्तराला मिळतात, निरीक्षणाला नाही.

गुलाबाच्या बियांचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात छापलेले नाही. ‘तीसपैकी शून्य’ असे वहीत प्रामाणिकपणे लिहून त्याचे कारण शोधू पाहणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळाले पाहिजेत. एखादे रोप उगवलेच, तर तसे झाड जगात दुसरे नसेल. पण नाही उगवले, तरी खरे लिहिण्याची सवय तर रुजेल.