चौदावं गाणं

'हर्ट' हे गाणं जॉनी कॅशचंच आहे असं समजणारे बरेच जण भेटतात. त्यांना दोष नाही देत. कॅशने ते २००२ साली गायलं, मार्क रोमानेकने त्याचा व्हिडिओ केला आणि २००३च्या सप्टेंबरमध्ये कॅश गेलाच. सत्तरीचा म्हातारा, कापरा आवाज, जिन्यात उभी राहून त्याच्याकडे बघणारी बायको जून (तीही त्याच्या चार महिने आधी गेली). डोळ्यांत पाणी येतंच. पण मग पुढचं वाक्य येतं आणि माझं डोकं सरकतं : "मूळ गाणं काय, नुसता गोंगाट! कॅशने त्याचं सोनं केलं."

नाही हो मंडळी. सोनं होतंच.

मूळ गाणं नाइन इंच नेल्सचं. बँड म्हणायचा, पण त्या काळी तो मुळात ट्रेंट रेझ्नर हा एकच माणूस. त्यांचा दुसरा स्टुडिओ अल्बम 'द डाउनवर्ड स्पायरल' ८ मार्च १९९४ला आला, तेव्हा रेझ्नर अठ्ठावीस वर्षांचा होता. प्रकार इंडस्ट्रियल रॉक. म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांसारखे आवाज, कॉम्प्युटरवर कापून-जोडून बनवलेले ठोके आणि त्यावर पिसाळलेली गिटार. आमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या भाषेत, "मिक्सर लावलाय का रे?"

अल्बममध्ये चौदा गाणी आहेत, साधारण पासष्ट मिनिटांची. त्यातून एकच गोष्ट सांगितलीय. एक माणूस देव, शरीर, प्रेम असं एकेक करत सगळं झुगारत जातो आणि शेवटी स्वतःला संपवण्यापर्यंत पोचतो. सुरुवातच एका माणसाला मारहाण होत असल्याच्या आवाजाने होते ('टीएचएक्स ११३८' या सिनेमातून घेतलेला). चौथ्या गाण्याचा ठोका सात-सात-सात आणि मग आठ असा पडतो, त्यामुळे पाय ठेवावा तिथे जमीनच नसते. त्यातच सगळं थांबून अचानक नुसता पियानो येतो, जणू काही झालंच नाही! पाचवं 'क्लोजर' क्लबात नाचायला लावतात, पण त्याच्या शेवटी पियानोवर एक उतरती धून आहे. तीच धून तेराव्या गाण्यात, माणूस अगदी तळाला पोचल्यावर, पुन्हा भेटते. अपघाताने नाही भेटत. उतरणीची पहिली पायरी कुठे होती ते तेव्हा कळतं.

आणि मग येतं चौदावं, 'हर्ट'. मागे वाऱ्यासारखी खरखर, जरा बेसूर वाटणारी गिटार आणि जवळजवळ पुटपुटल्यासारखा आवाज. तासभर यंत्रांशी झुंजल्यावर पहिल्यांदाच एक उघडा माणूस समोर येतो. मैफलीतली भैरवी असते ना, तसं. भैरवीची सीडी घरी लावून ऐकता येते, छानही वाटते. पण रात्रभर बसलेल्याला ती जिथे लागते तिथे सीडीवाल्याला लागत नाही. 'हर्ट'चा हळुवारपणा आधीच्या तेरा गाण्यांनी कमावलेला आहे. नुसतं तेवढंच उचलून ऐकलं तर ते एक उदास गाणं, बस्स.

कॅश हे जाणून होता की नाही, मला माहीत नाही. पण त्याने ते वेगळ्या रस्त्याने कमावलं. तेरा गाण्यांच्या जागी त्याचं अख्खं आयुष्य होतं : व्यसनं, तुरुंगांतले कार्यक्रम, जून. एक शिवी काढून तिथे त्याने काट्यांचा मुकुट ठेवला आणि गाण्यात ख्रिस्त आला. तरुणाच्या तोंडी जे 'पुढे काही नाही' होतं, ते म्हाताऱ्याच्या तोंडी 'मागे एवढं सगळं होतं' झालं. व्हिडिओ पाहिल्यावर खुद्द रेझ्नर म्हणाला की हे गाणं आता माझं राहिलं नाही. हा त्याचा मोठेपणा. आपण त्याचा शब्दशः अर्थ घेऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे आमच्या नातेवाईक मंडळींतले काही आईबाप. मुलाच्या हेडफोनमधून असलं काही ऐकू आलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. येणारच. गोष्ट भयंकरच आहे, आणि पुढे रेझ्नर स्वतःही व्यसनात त्याच उतरणीवरून गेला. पण २००१ साली उपचार घेऊन तो बाहेर आला, आणि २०११मध्ये 'द सोशल नेटवर्क'च्या संगीतासाठी त्याने ऑस्कर घेतलं. हेही त्या मुलाला कळू द्या.

तेव्हा हेडफोन हिसकावू नका. त्याला म्हणा, स्पीकरवर लाव, पहिल्यापासून. दुसऱ्या गाण्यालाच "बंद कर ते" म्हणून उठलात तर तुमच्या वाट्याला फक्त गोंगाट येईल. चौदाव्यापर्यंत त्याच्याशेजारी बसून राहा. नंतर बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

असो. ज्यांनी पूर्ण ऐकलाय त्यांनी भांडायला जरूर यावं :)